भाड्याच्या खोल्यांवर साठ हजार खर्चायचे आहेत, आधी काय करावं? (लातूर)

रेणापूरची_लेक
नमस्कार मंडळी. लातूरला आमचं दुमजली घर आहे. खाली आम्ही राहतो, वर तीन खोल्या, दोन न्हाणीघरं आणि स्वयंपाकाचा एक सामाईक कट्टा. पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब आहे, मागच्या खोलीवर पत्रे. खोल्यांच्या जमिनीला शहाबादी फरशी. नीटची तयारी करणाऱ्या मुली राहतात. परीक्षा झाली की मे महिन्यात खोल्या रिकाम्या होतात आणि जूनपासून नव्या मुली येऊ लागतात. मधल्या तीन-चार आठवड्यांतच काय ते काम उरकावं लागतं.

यंदा साठ हजार बाजूला काढलेत. ह्यांचं म्हणणं, शहाबादीवर व्हिट्रीफाईड टाइल्स टाकू आणि पुढच्या खोलीला पीओपी करू, म्हणजे भाडं वाढवून मागता येईल. मला ते पटत नाही. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता मी स्वतः त्या पत्र्याच्या खोलीत जाऊन उभी राहिले. भिंतीला हात लावला तर तवा. पोरी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसल्या होत्या. ज्या खोलीत अभ्यास होत नाही त्या खोलीची फरशी चकचकीत करून काय मिळवायचं?

तुम्ही भाड्याच्या घरांवर कमी पैशात काय काय केलंत, कशाचा उपयोग झाला, ते सांगा. घरमालक आणि भाडेकरू दोघांनीही लिहा.

जालन्याचा_पाहुणा
आधी पाणी. मग बाकीचं बोलू.

सिडको_एन_नऊ
ताई, थोडं वेगळं मत मांडतो. संभाजीनगरात माझे दोन फ्लॅट भाड्यानं आहेत. भाडेकरू दारातून आत आला की पहिल्यांदा फरशी आणि भिंती बघतो आणि भाडं तिथंच ठरतं. मी एका फ्लॅटला टाइल्स आणि रंग केला, तो आठवड्यात गेला. दुसरा तसाच ठेवला होता, तो दोन महिने रिकामा. रिकाम्या घराचे दोन महिने म्हणजे दोन भाडी बुडाली, हा खर्च कुणी धरत नाही. तुमच्या ह्यांचं अगदीच चूक नाही.

हिंगोलीची_आई
सिडको दादा, तुम्ही कुटुंबांना भाड्यानं देता, ताई विद्यार्थिनींना. दोन्हीकडचं गिऱ्हाईक निराळं आहे. मी लेकीसाठी लातूरला खोल्या बघत फिरले आहे, तेव्हा आई काय बघते ते सांगते.

न्हाणीघराच्या दाराची कडी आतून घट्ट लागते का. खिडकीला गज आणि जाळी दोन्ही आहेत का. जिन्यात आणि गॅलरीत रात्री दिवा असतो का. टेबलाजवळ प्लग आहे का, की वायर खोलीभर ओढावी लागणार. कपडे वाळत घालायला आडोशाची जागा आहे का, कारण मुली सगळे कपडे चारचौघांसमोर दोरीवर टाकत नाहीत. आणि हे सगळं झाल्यावर, दुपारी त्या खोलीत तासभर बसवतं का.

एका ठिकाणी पीओपीत निळे दिवे लावले होते आणि न्हाणीघराच्या दाराला कडीऐवजी तारेचा आकडा होता. आम्ही जिन्यातूनच परत फिरलो. कडी बसवायला शंभर-दोनशे रुपये लागतात हो.

रेणापूरची_लेक
हिंगोलीच्या ताई, कपडे वाळवण्याच्या आडोशाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वहीत लिहून घेतलं.

गच्चीवरचा_मिस्त्री (उदगीर)
ताई, स्लॅब आणि पत्रा दोन्हीचा इलाज वेगळा हाय. एकत्र करू नका.

स्लॅबच्या दोन खोल्यांवर चुना मारा. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो, काळपट स्लॅब पिऊन घेतो आन रातभर खाली सोडत बसतो. पण चुन्याच्या आधी भेगा बघा. चुना पाणी थांबवत न्हाई, त्यो फक्त ऊन थांबवतो. मे महिन्यात स्लॅब तापून भेगा उघडलेल्या असत्यात, तवाच दिसत्यात. झाडून, ब्रशनं घासून, भेगा पॉलिमरच्या मसाल्यानं भरायच्या. गच्ची आन कठडा जिथं मिळत्यात त्या कोपऱ्यात गोला (मसाल्याची गोलसर कड) धरायचा, म्हणजे तिथं पाणी थांबत न्हाई. निम्म्या गळत्या त्या कोपऱ्यातूनच असत्यात. आन पन्हळीचं तोंड मोकळं करा. पाला अडकून गच्चीवर तळं साचतं, लोक मात्र स्लॅबला शिव्या द्यायलेत.

भेगा सुकल्यावर चुना. कळीचा चुना लोखंडी पिंपात भिजवा, प्लास्टिकच्या बादलीत बिलकुल नको. पाणी पडलं की फसफसतो आन उकळी फुटल्यागत तापतो, बादली वितळंल. रातभर मुरू द्या, सकाळी फडक्यातनं गाळा, त्यात पांढरं सिमेट आन पांढरा डिंक घाला म्हणजे हाताला लागत न्हाई. दोन हात, एक आडवा एक उभा. ऊन उतरल्यावर मारा, भर दुपारी मारला तर पापडी होऊन निघतो. डोळ्याला चष्मा लावा, चुना डोळ्यात गेला तर डोळा जातो. हातमोजे घाला.

पत्र्यावर चुना टिकत न्हाई, पहिल्या पावसात धुऊन जातो. तिथं ऊन परतवणारा ॲक्रिलिक रंग मिळतो, त्यो घ्या. महाग हाय पण चार-दोन वर्सं चालतो. आन पत्र्याच्या हुकाचे वायसर बदला, ऊन खाऊन तडकलेले असत्यात. वळवाच्या वाऱ्यात पत्रा उडतो त्यो ढिल्या हुकापायीच.

वाळूज_भाडेकरू
मिस्त्री काकांना +१. मी भाडेकरूच्या बाजूनं लिहितो. वाळूजला कंपनीत आहे, पत्र्याची खोली, मालक काही करत नाही. मी शेतीच्या दुकानातून ७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट आणली आणि पत्र्यापासून फूटभर वर बांबूंवर ताणून बांधली. थेट पत्र्याला चिकटवली तर उपयोग नाही, मधून वारा गेला पाहिजे. पश्चिमेच्या खिडकीबाहेरही तशीच एक पट्टी सोडली. खोली सोडताना गुंडाळून घेऊन जाणार. भाडेकरूनं असंच करावं, जे काढून नेता येईल त्यावरच पैसा घालावा.

गोदाकाठी (नांदेड)
आमच्याकडे जुने लोक पत्र्यावर तुराट्या नाहीतर कडबा पसरतात. गारवा येतो हे खरं, पण विद्यार्थ्यांच्या खोलीवर नको. खाली इंडक्शन, वर वाळलेला कडबा, शेजारी लग्नाचे फटाके. थर्मोकोलचं छतही तसंच, स्वस्त पडतं म्हणून बरेच जण लावतात, पण आग धरलं की वितळून खाली ठिबकतं आणि धूर श्वास घेऊ देत नाही. पत्र्याखाली आच्छादन करायचंच असेल तर सिमेंट बोर्ड किंवा जिप्समचं करा आणि मध्ये वीतभर पोकळी ठेवा.

वायरमन_परळीचा
फरशीवर आन चुन्यावर चर्चा चालली, वायरिंगचं कुणीच बोलंना. ताई, घर किती जुनं हाय?

रेणापूरची_लेक
सासऱ्यांनी १९९५ मध्ये बांधलं, भूकंपानंतर दोन वर्षांनी. वायरिंग तेव्हाचंच आहे. मध्ये बोर्ड बदलले.

वायरमन_परळीचा
मंग साठ हजारातले पहिले पैसे हितं घाला, हात जोडून सांगतो.

दरसाल उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या येत्यात. कूलरचं अंग पत्र्याचं, आत पाणी, मोटर पाण्यात, पोरगी ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून बादलीनं पाणी भरणार. आन प्लगची तिसरी पिन कुठंच जोडलेली नसती. बोर्डावर तीन भोकं दिसत्यात, माणसाला वाटतं अर्थिंग हाय. मागं उघडून बघितलं तर तिसरी वायरच न्हाई.

लोक म्हणत्यात एमसीबी बसवलाय. अहो एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, जास्त भार झाला किंवा शॉर्ट झालं की पडतो. माणसाला शॉक बसला तर तेवढ्या करंटनं त्यो पडत न्हाई. माणूस वाचवायचा तर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी पाहिजे, म्हणजे करंट गळायला लागला की लगेच लाइन तोडणारा स्विच. दीड-दोन हजारापासून मिळतो. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्याला एकदा दाबून बघायचं, पडला तर चांगला हाय.

अर्थिंगचा खड्डा करून घ्या, उन्हाळ्यात त्यात पाणी घालत जा, माती कोरडी पडली की अर्थिंग कामाचं राहत न्हाई. न्यूट्रलला किंवा नळाच्या पायपाला अर्थ जोडणारे वायरमन हायेत आपल्यात, त्यांना दारात उभं करू नका. इंडक्शन दोन हजार वॅटपर्यंत खातं, त्याला कट्ट्यावर वेगळा सोळा अँपियरचा प्लग आन निदान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पाहिजे. कूलरला खिडकीजवळच प्लग द्या, म्हणजे एक्स्टेन्शनची वायर ओल्यातून जाणार न्हाई.

हिंगोलीची_आई
परळीच्या दादा, हे वाचून लेकीच्या खोलीवर आजच फोन केला. तिथल्या काकूंना टेस्टच्या बटणाचं विचारते.

सिडको_एन_नऊ
वायरिंगबद्दल पूर्ण सहमत. माझं म्हणणं एवढंच की सुरक्षिततेचं काम डोळ्यांना दिसत नाही आणि भाडं दिसण्यावर ठरतं. दोन्ही साधायला हवं.

काळ्या_रानातला (परभणी)
दिसण्यावरून आठवलं. घर काळ्या जमिनीवर असेल तर भिंतीच्या भेगांना आत्ता पुट्टी भरून रंग देऊ नका. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि हलका पाया तिच्याबरोबर हलतो. मेमध्ये रुंद झालेली भेग पुट्टीनं बुजवली की जुलैत तिथलाच रंग फुगून पोपडा होतो. आमच्याकडे दाराच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी भेग म्हणजे ठरलेलीच. घराभोवती दोन-तीन फूट रुंद फरशी किंवा कोबा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन करा, म्हणजे पायालगतच्या मातीतली ओल फार कमी-जास्त होत नाही. मोरीचं पाणी घराच्या पायात मुरू देऊ नका. भेग वाढतच असेल तर मात्र इंजिनिअरला दाखवा, रंगाऱ्याला नको.

औसा_माळवद
भूकंपाचं नाव निघालं म्हणून लिहितो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भागात जी घरं माणसांवर आली त्यांत मातीत रचलेल्या दगडी भिंतींची आणि माळवदाची (लाकडावर माती घातलेल्या सपाट छताची) घरं फार होती. माळवदावर दरवर्षी माती टाकत गेलं की छताचं वजन वाढतच जातं, आणि भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या थरांना बांधणारे जोडदगड नसले की भिंत मधून फुटते. आजही औसा, निलंगा, उमरगा भागात असे जुने वाडे भाड्यानं दिले जातात. अशा घरात उजेड हवा म्हणून भिंत फोडून मोठी खिडकी काढणं, माळवदावर सिमेंटचा जाड कोबा ओतणं किंवा पाण्याची टाकी चढवणं, हे स्वस्तातलं सुधारकाम म्हणून कुणी सुचवलं तर ऐकू नका. तिथं आधी भिंती मजबूत करून घेण्याबद्दल सल्ला घ्यायचा. ताईंचं घर नंतरचं आहे, त्यांना हे लागू नसेल, पण वाचणाऱ्यांत कुणाचा तरी वाडा असेल.

टाइल्सवाला_नाही (बीड)
व्हिट्रीफाईडवर एक बोलायचं राहिलं. जुन्या फरशीवर टाइल्स टाकल्या की जमीन इंच-दीड इंच वर येते. मग सगळी दारं खालून कापा, उंबरे वाढवा, न्हाणीघराचा उतार उलटा होतो का ते बघा. शिवाय वरच्या मजल्याच्या स्लॅबवर नवं वजन. शहाबादी उन्हाळ्यात पायाला गार लागते, ती कशाला झाकायची? सांधे कोरून पुन्हा भरा आणि मशीननं घासून पॉलिश करून घ्या. टाइल्सपेक्षा बराच कमी खर्च येतो आणि खोली उजळते.

न्हाणीघराला टाइल्स लावाल तर बोअरच्या पाण्याचा विचार करा. आपल्याकडचं पाणी क्षाराचं, गडद टाइल्सवर पांढरे डाग महिनाभरात दिसतात. फिकट रंगाच्या, खरखरीत घ्या. डागांना लिंबूसत पाण्यात विरघळवून लावा, अर्ध्या तासानं घासा. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीच एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो.

जालन्याचा_पाहुणा
पाण्याबद्दल अजून कुणी बोललं नाही म्हणून परत आलो. मंडळी, २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर. ज्या शहरानं हे पाहिलं तिथं पोरीला खोली बघायला आलेला बाप आधी गच्चीवर चढून टाकी बघतो.

ताई, टाक्यांचे बॉलकॉक तपासा. रात्रभर वाहणाऱ्या टाकीनं जितकं पाणी जातं तितक्यात पोरींची अंघोळ-धुणी होतात. नळाच्या आणि बोअरच्या पाण्याच्या टाक्या वेगळ्या करा, म्हणजे प्यायचं पाणी क्षाराचं होत नाही. आणि गच्ची साफ करून चुना मारायचाच आहे तर पन्हळीला पाइप लावून पहिला पाऊस वाहून जाऊ द्या आणि पुढचं पाणी वाळूच्या गाळणीतून बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडा. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर साधारण ६५ हजार लिटर पडतात. गळती, वाफ सोडली तरी पन्नास हजारांच्या आसपास जमिनीत जातात.

गच्चीवरचा_मिस्त्री
पाहुण्यांचं खरं हाय, पण चुना मारल्यावर पहिले दोन-तीन पाऊस बाहेरच सोडा. चुन्याचं पाणी बोअरकडं नको.

दस्तलेखक_धाराशिव
कुणी काय करायचं यावर चर्चा झाली, कुणाच्या पैशानं यावर नाही, म्हणून लिहितो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम १४ प्रमाणे घर दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे, उलट काही ठरलेलं नसेल तर. भाडेकरूनं किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही मालकानं वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. वाळूजच्या भाऊंनी हे लक्षात ठेवावं. मात्र ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर (म्हणजे भाडेपट्टा नव्हे, नुसता राहण्याचा परवाना) असाल तर या कलमावर विसंबू नका, दुरुस्तीची अट करारातच लिहून घ्या. गळती कोण काढणार, मोटर जळली तर कोण भरणार, भिंतीला खिळे-ड्रिल चालतील का, नव्या पंख्याचं सोडताना काय, हे एक एक वाक्य लिहिलं की अनामत परत करताना भांडण होत नाही.

करार लेखी आणि नोंदणी केलेला असणं कलम ५५ प्रमाणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. खोली देताना खोलीचे फोटो काढून दोघांनी जपून ठेवा. आणि मुली राहतात म्हणून सांगतो, पोलीस ठाण्यात भाडेकरूंची माहिती देऊन ठेवा.

सिडको_एन_नऊ
यात आयकराचं जोडतो. घरभाड्याच्या उत्पन्नातून पालिकेचा भरलेला कर वजा केल्यावर उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. दुरुस्तीला जास्त खर्च झाला म्हणून वजावट वाढत नाही. त्यामुळे खर्च निवडूनच करावा.

गोदाकाठी
पंख्यांचा विषय राहिला. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, नवा बीएलडीसी ३० च्या आसपास. विद्यार्थिनींच्या खोलीत सोळा तास चालतो असं धरा, दिवसाला पाऊण युनिट वाचतं, महिन्याला वीसच्या वर. लाइटबिल भाड्यात धरलं असेल तर हा पैसा सरळ मालकाचा. सबमीटर असेल तर मुलींचा, तेव्हा सांगून भाडं थोडं वाढवता येतं. कूलरला मात्र समोरची खिडकी उघडी पाहिजे. बंद खोलीत कूलर लावला की नुसती दमट हवा फिरते आणि वह्या ओल्या होतात.

रेणापूरची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ह्यांना मोबाइल देऊन पूर्ण धागा वाचायला लावला. परळीच्या दादांचं वाचून ते उठले, बॅटरी घेऊन वर गेले आणि एक बोर्ड उघडून बघितला. तिसऱ्या पिनेला वायर नव्हती. पीओपीचा विषय तिथंच संपला.

आता असं ठरवलंय. वायरिंग, आरसीसीबी, अर्थिंग आणि कूलर-इंडक्शनचे प्लग यांना पंचवीस हजार. स्लॅबच्या भेगा, गोला आणि चुना, पत्र्याला रंग आणि वायसर यांना पंधरा. तीन बीएलडीसी पंखे साधारण नऊ. उरलेल्यात दोन्ही न्हाणीघरांच्या कड्या, खिडक्यांच्या जाळ्या, जिन्यातला दिवा, बॉलकॉक आणि मागच्या गॅलरीत कपड्यांसाठी शेडनेटचा आडोसा. शहाबादी पुढच्या वर्षी घासून घेऊ. भाडं यंदा वाढवायचं नाही, पत्र्याच्या खोलीत पुढच्या उन्हाळ्यात पोरी टिकतात का ते बघून ठरवू.

सिडको_एन_नऊ
ताई, हिशेब चोख आहे. एक विनंती, उरलेल्या पैशात निदान दर्शनी भिंतीला एक हात डिस्टेंपर द्याच.

वायरमन_परळीचा
पंचवीस हजारात तांब्याची वायर नीट बसंल, खोल्यांचं माप कळवा, मी यादी करून टाकतो. वायर आयएसआय मार्काचीच घ्या आन बिल मागा. काम झालं की काम करणाऱ्या वायरमनसमोरच टेस्टचं बटण दाबून बघा, मगच पैसे द्या.

हिंगोलीची_आई
लेकीच्या खोलीवर टेस्टचं बटणच नाही, काकू म्हणाल्या असलं काही बसवलेलं नाही. परळीच्या दादा, त्यांच्यासाठीही यादी द्याल का? दोन खोल्या आणि एक कट्टा आहे, कूलर लोखंडी आहे.

वायरमन_परळीचा
देतो ताई. तवर कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढूनच भरायचं, नुसतं बटण बंद करून न्हाई. आन पायात रबरी चप्पल. आजच सांगा तिला.